दहाव्याचा कावळा

आमच्या दारावर एक पाटी होती. 'येथे कावळा मिळत नाही. बेल वाजवून विचारू नये.' पाटी मी लावली होती आणि कावळा आमचे हे द्यायचे. त्यामुळे पाटीचा उपयोग एवढाच झाला की ज्यांना आमच्याकडे कावळा आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांनाही ते कळलं.

आमची इमारत शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला. घाट चालत पाच मिनिटांवर. तिथे रोज सकाळी कुणा ना कुणाचं दहाव्याचं चाललेलं असतं. पिंड मांडायचे, मागे सरकून उभं राहायचं आणि कावळा शिवायची वाट बघायची. शिवला तर गेलेला माणूस सुखाने सुटला. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मनात राहिलंय. मग घरातले एकेक जण पुढे होतात, हात जोडून सांगतात, अमक्याचं शिक्षण मी करीन, तमकीला अंतर देणार नाही, आता सुखाने जा. पूर्वी हे लवकर आटपायचं म्हणे. आता कावळे कमी झालेत, आणि जे उरलेत ते शेफारलेत. रोज उठून भाताचे पिंडच समोर असतील तर त्यांना तरी काय कौतुक. विजेच्या तारेवर बसून खाली बघत राहतात. ऊन चढतं, गुरुजींना पुढचं काम असतं, म्हाताऱ्या माणसांचे पाय दुखायला लागतात आणि गेलेल्याच्या इच्छांची यादी वाढत जाते.

हे सगळं मी येता-जाता वर्षानुवर्षं बघत आले. त्यात आपल्याला कधी पात्र म्हणून उभं राहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

कावळा आमच्याकडे आला तो मांज्यामुळे. संक्रांत होऊन गेली होती. मागच्या बदामाच्या झाडात तो उलटा लटकत होता आणि बाकीच्या कावळ्यांनी आकाशपाताळ एक केलं होतं. ह्यांनी जळमटं काढायच्या काठीला विळी बांधली आणि गॅलरीतून ओणवं होऊन, मी मागून सदरा धरून ठेवलेला, असा तो मांजा कापला. कावळा खाली पडला. पंखाच्या मुळाशी मांसात दोरा रुतला होता.

वारज्याच्या पुढे, हमरस्त्यापासून आत, जखमी पक्ष्यांवर उपचार करणारी एक जागा आहे. तिथे रिक्षाने घेऊन गेलो. तिथली डॉक्टर म्हणजे आमच्या सुनेपेक्षाही लहान मुलगी. तिने टाके घातले आणि सांगितलं, जगेल, पण पुन्हा उडायचा नाही. त्यांच्याकडचे पिंजरे तेव्हा संक्रांतीच्या पक्ष्यांनी भरलेले होते. ती म्हणाली, काकू, काही दिवस घरी सांभाळाल का, मोठा पिंजरा बांधून झाला की आम्ही घेऊ. कावळा घरात ठेवणं खरं तर कायद्यातही बसत नाही, म्हणून तिने आपल्याकडचं एक पत्र दिलं. मी हो म्हटलं. ह्यांनी बाहेर आल्यावर विचारलं, "काही दिवस म्हणजे किती, हे विचारलंस का?" मी नव्हतं विचारलं.

हे विमा कंपनीतून निवृत्त झालेले. समोरच्याचं बोलणं खरं आहे असं धरून चालायची सवयच नाही. गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांना मागच्या वर्षीचा हिशेब विचारणारे. देवाधर्माच्या वाटेला कधी गेले नाहीत. सत्यनारायणाला बोलावणं आलं तर मला पाठवायचे आणि प्रसाद मात्र मागायचे. कावळ्याला ते भाडेकरू म्हणायचे. "भाडेकरू उठला का? एकदा आत घेतला की निघायचा नाही, बघ तू." असं म्हणत रोज सकाळी पेपरच्या आधी गॅलरीचं दार तेच उघडायचे.

गॅलरी ग्रिलची. डॉक्टरने शिकवलं तसं मी सगळं केलं. लोखंडी गजावर उभं राहून पक्ष्याच्या तळपायाला गाठी येतात, म्हणून जाड-बारीक फांद्या बांधल्या आणि त्यांना काथ्या गुंडाळला. अंघोळीला जुनी परात. खायला उकडलेलं अंडं, भिजवलेले हरभरे, कधी खिमा. आमच्या घरात माझ्या लग्नापासून खिमा आला नव्हता. तो कावळ्याने आणला. खाल्लेलं उरलं की तो लपवायचा. कुंडीच्या मातीत, पायपुसण्याखाली, ह्यांच्या चपलेत. चपलेत पाय घालून हे ओरडले की तो फांदीवरून मान वाकडी करून बघायचा आणि मला हसू आवरायचं नाही. तसे ते दिवस बरे गेले. उडता येत नव्हतं, पण तो घाबरलेला नव्हता.

मग खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांची आई गेली.

दहाव्या दिवशी भर दुपारी ते ओल्या धोतराने, अनवाणी, जिना चढून आले. दारात उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, सकाळपासून उभे आहोत, कावळा येत नाही. मला काही सुचायच्या आत ह्यांनी भाजीची झाकणाची टोपली काढली, त्यावर फडकं टाकलं आणि कावळ्याला त्यात घालून निघालेसुद्धा. मी मागून म्हणत राहिले, अहो, त्याचं खाणं व्हायचंय अजून. "म्हणूनच," हे म्हणाले.

कावळ्याने टोपलीतून बाहेर काढल्या काढल्या पिंडावर चोच मारली. भूक लागली होती, दुसरं काय. खालचे गृहस्थ तिथेच बसून रडले म्हणे.

त्या दिवशी जेवताना ह्यांनी मला जे सांगितलं ते इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवला नव्हता. हे तेव्हा कॉलेजात. सगळ्यांचे हात जोडून झाले, काकांनी शब्द दिले, आत्यांनी दिले. शेवटी सगळे यांच्या आईकडे बघायला लागले, म्हणजे नवऱ्याची इच्छा राहिली ती हिच्यामुळेच. "आईचा तो चेहरा मी विसरलेलो नाही," म्हणाले. "फुकटात कुणाचा तसा चेहरा व्हायचा टळत असेल तर आपलं काय जातं?"

आपलं काही जात नव्हतं हे खरं होतं. जायचं ते कावळ्याचं.

पेठेत बातमी पसरायला वेळ लागत नाही. लोक यायला लागले. नुसते पेठेतले नाहीत, कोथरूडहून, हडपसरहून फोन. कुणाचा मुलगा अमेरिकेतून चार दिवसांसाठी आलाय, तेवढ्यात सगळं व्हायला हवं. कुणाला स्वारगेटहून दुपारची गाडी पकडायची असायची. एक बाई तर आमच्या सोफ्यावर बसून मला म्हणाली, तुमच्याकडे एवढी सोय आहे आणि तुम्ही पाटी काय लावता हो? सोय! मी तिला पाणी दिलं आणि आत निघून गेले. ह्यांनी कुणाकडून एक पैसा घेतला नाही, चहासुद्धा आमचाच. त्यामुळे तर त्यांना आपण फार मोठं काम करतोय असं वाटायचं, आणि अशा माणसाला थांबवणं महाकर्मकठीण.

दुसऱ्या की तिसऱ्या वेळी कावळ्याने पिंडाकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याचं सकाळचं खाणं झालेलं होतं. तिथली माणसं हवालदिल झाली, गेलेल्याच्या भावाभावांत जुनं काहीतरी निघालं, आणि हे मान खाली घालून टोपली घेऊन आले. त्यानंतर ह्यांनी पद्धत पाडली. आदल्या दिवशी फोन आला की संध्याकाळपासून कावळ्याच्या वाट्या उचलायच्या. कुंडीत, पायपुसण्याखाली त्याने लपवलेलंसुद्धा शोधून काढायचं. सकाळी तो दाराशी येऊन चोच उघडायचा आणि हे म्हणायचे, "जरा थांब बाबा, तिथे गेल्यावर आहेच." भात आणि काळे तीळ. हे त्याचं जेवण.

आणि पितृपक्षात ह्याच्या बरोबर उलटं. गच्चीवर ठेवलेल्या पानाला कावळा तोंड लावत नाही म्हटल्यावर अख्खी इमारत पानं घेऊन आमच्या दारात. खीर, वडे, आमसुलाची चटणी. आमच्या सासऱ्यांना वडे फार आवडायचे हो, एक तरी खाऊ दे त्याला. तो खायचा, आणि मग दोन दिवस परातीशी पिसं फुगवून बसून राहायचा. त्या पंधरा दिवसांत त्याला ओकताना मी पाहिलंय. माणसाने ठेवलं तर उपाशी, नाहीतर घशाशी येईपर्यंत. मधलं काही नाही.

मी भांडले नाही असं समजू नका. भांडून भांडून माझा घसा बसला. मी म्हटलं, तुमचा ह्या सगळ्यावर विश्वास नाही ना? ते म्हणायचे, त्यांचा आहे. मी म्हटलं, मग त्याच्या पोटाचं काय? ते म्हणायचे, अगं, एक वेळ उपास केल्याने कुणी मरत नाही. आपण चतुर्थी करतोच की. "मी करते," मी सांगितलं. "आणि मी ती कुणी वाटी उचलून नेली म्हणून करत नाही." ह्यांनी पेपर उघडला. पेपर उघडला की विषय संपला, ही आमच्या घरातली रीत.

कावळा मात्र बदलत गेला. खाणं लपवणं त्याने सोडलं. मिळेल ते तिथल्या तिथे गिळायचा. दाराची बेल वाजली की सगळ्यात मोठ्या कुंडीच्या मागे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. ग्रिलवर बाहेरचे कावळे येऊन बसले तर पूर्वी त्यांच्याशी त्याचा काय तो संवाद चालायचा, तोही थांबला. मग छातीवरची पिसं उपटायला लागला. एका जागी कातडी दिसायला लागली तेव्हा मी ह्यांना म्हटलं, आता डॉक्टरकडे चला, नाहीतर मी एकटी जाते. आले. येताना मात्र त्याच्या डोक्यावर ऊन येऊ नये म्हणून रिक्षात टोपलीवर छत्री धरून बसले होते. माणूस वाईट नव्हता हो. तेच तर अवघड होतं.

डॉक्टरने त्याचा पंख अलगद पसरला आणि खिडकीच्या उजेडात धरला. पिसांवर आडव्या फिक्या रेघा होत्या. मला आधी वाटलं, मळ आहे. तिने सांगितलं, पीस उगवत असताना पक्षी उपाशी राहिला की तेवढा भाग कच्चा राहतो, तिथे अशी रेघ पडते, पुढे पीस तिथेच तुटतं. मग तिने आमच्याकडे न बघता विचारलं, "ह्याला उपाशी ठेवता का तुम्ही?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मीच सगळं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली की मोठा पिंजरा आता झालाय, न उडणारे आणखी काही कावळे आहेत त्यात, ह्याच आठवड्यात आणून सोडा. खाली मातीची जमीन आहे, चालायला जागा आहे, आपल्या जातीची सोबत मिळेल.

घरी येताना टोपली ह्यांनी मांडीवर घेतली होती. मला वाटलं, पटलं. पुढच्या वर्षीचा श्रावण संपत आला होता. घरी आल्यावर म्हणाले, एवढा पितृपक्ष होऊ दे, काही जणांना शब्द दिलाय, मग स्वतः नेऊन सोडतो. मी म्हटलं, त्या रेघा बघितल्यात ना तुम्ही? "बघितल्या," ते म्हणाले. "शेवटचं एकदा."

त्यानंतर आम्ही फारसं बोललो नाही. अबोला असा नाही. मीठ दे, गॅस आलाय, एवढं चालू होतं. त्या वयात भांडणसुद्धा पूर्ण ताकदीने होत नाही.

आणि पितृपक्ष लागायच्या आत ह्यांच्याच पोटात दुखायला लागलं. आतड्याला पीळ पडला होता. ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टरांनी बजावून सांगितलं, तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा कापसाने ओठ ओले करण्यापुरतंच. दिवसा मी बसायची, रात्री मुलगा. ह्यांना शुद्ध होती. डोकंही ठिकाणावर होतं. चहा मागायचे. अर्धा कप, म्हणायचे. मग म्हणायचे, दोन घोट. मी म्हणायची, उद्या, डॉक्टर उद्या सांगणार आहेत. त्यावर मला म्हणाले, "उद्यापर्यंत टिकलो तर दोन कप घेईन." नर्ससुद्धा हसली. मी कापूस भिजवून ओठांना लावला. तो त्यांनी दातांत धरला आणि चोखायला लागले. मी ओढून घेतला. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. डॉक्टर त्यांच्या जागी बरोबर होते.

त्या उद्याला ते नव्हते.

पुढचे दिवस घर भरलेलं. धाकटे दीर आणि जाऊ, नणंद, मुलगा-सून. मुलगा वारज्याला राहतो, चौदाव्या मजल्यावर. त्याने दुसऱ्या दिवसापासून विषय काढला होता, आई आता तू आमच्याकडेच चल. सून चांगली आहे, तीही मनापासून म्हणत होती. मी म्हटलं, मी इथेच बरी आहे. माझं बोलणं कुणी मनावर घेतलं नाही. दुःखातल्या माणसाचं तसंही कुणी मनावर घेत नाही.

नवव्या दिवशी संध्याकाळी दीर गॅलरीच्या दाराशी आले. वहिनी, म्हणाले, उद्यासाठी ह्याला आजपासून काही घालू नका हं. दादाचाच आहे तो. दादासाठी बघा कसा झटकन शिवेल. त्यांनी टोपलीसुद्धा शोधून दाराशी आणून ठेवली होती. भांडायचं माझ्या अंगात त्राण नव्हतं. बघते, म्हटलं. त्यांनी वाट्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवल्या. वरच्या बाजूला, माझा हात पोचणार नाही अशा फळीवर, कशासाठी कोण जाणे.

सकाळी सगळे अंघोळीच्या गडबडीत होते. मी गॅलरीचं दार उघडलं. कावळा फांदीवरून उतरून चालत माझ्यापर्यंत आला आणि चोच उघडली. आत लाल. त्याने आवाज केला नाही, नुसती चोच उघडी ठेवून उभा राहिला. मला एकदम तो कापूस आठवला. मी आत गेले, अंडं उकडलं. सुतकाच्या घरात अंडं उकडलं. वाटी मिळेना तर चहाच्या बशीत कुस्करून दिलं, वर भिजवलेले हरभरे दिले. तो खात होता तोवर मी दाराला पाठ लावून उभी राहिले, कुणी येऊ नये म्हणून. घाटावर काय होणार हे मला पक्कं माहीत होतं. तरी दिलं, आणि पोटभर दिलं.

घाटावर झालंही तसंच. गुरुजींनी पिंड मांडले, मुलाने टोपलीचं झाकण काढलं आणि सगळे मागे सरकले. कावळा बाहेर आला. दोन पावलं चालला. दगडावर चोच पुसली, एकदा ह्या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि पिंडाकडे पाठ करून पिसं साफ करत बसला.

बराच वेळ गेला. मग दीर पुढे झाले. दादा, म्हणाले, आपल्यात जे काही झालं असेल ते मनात ठेवू नकोस. कावळा बसलेलाच. नणंद पुढे झाली. दादा, वहिनीला आम्ही कधी परकं समजणार नाही. मागे कुणीतरी कुजबुजलं, रोज ज्यांच्या हातचं खाल्लं त्यांच्यासाठी येत नाही म्हणजे काहीतरी मोठंच राहिलंय. हळूहळू माना माझ्याकडे वळायला लागल्या. आपल्यावर अशा नजरा खिळल्या की कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. आणि हे इतके दिवस कशाला ती टोपली घेऊन धावत होते, तेही कळलं. मला त्यांचा राग होता, तो अजूनही आहे, पण त्या क्षणी त्यांची फार आठवण आली.

शेवटी मुलगा पुढे झाला. त्याने हात जोडले. "बाबा, आईची काळजी करू नका. मी तिला आजच वारज्याला घेऊन जातो. यापुढे तिला एकटं राहू देणार नाही. हा माझा शब्द."

सगळ्यांनी कावळ्याकडे बघितलं. मी मात्र मुलाकडे बघत होते. त्याने दिलेला शब्द तो पाळतो, लहानपणापासून तसाच आहे. आता गप्प राहिले तर हा शब्द मला आयुष्यभर पुरणार होता.

मी म्हटलं, "थांबा सगळे. त्याचं पोट भरलंय. सकाळी मी त्याला खायला घातलंय. ह्यांची इच्छाबिच्छा काही राहिलेली नाही, निदान ह्या पक्ष्याला तरी ती ठाऊक नाही."

दीर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, वहिनी, दादाच्या दहाव्याला तुम्ही असं केलंत? मी म्हटलं, केलं. नणंद रडायला लागली. गुरुजी वयस्कर होते, त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पिशवीतून दर्भ काढला, गाठ मारून त्याचा कावळा केला आणि पिंडाला लावला. झालं. एवढंच असतं ते. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा लावायचा, हे शास्त्रात आधीपासून आहे. गुरुजींच्या पिशवीत दर्भ रोजच असायचा.

दीर आणि जाऊ तेराव्यालाच काय ते आले, आणि जेवून लगेच गेले. अजून फोन नाही. वारज्याचा विषय मुलाने पुन्हा काढला नाही. मात्र पुढच्या रविवारी सकाळी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, आई, टोपली घे.

त्या मोठ्या पिंजऱ्यात खरंच माती होती, आणि एक वाळकं झाड आडवं टाकलेलं होतं. चार-पाच कावळे खाली चालत होते, एकाचा पंख पार लोंबत होता. आमचा टोपलीतून बराच वेळ बाहेर येईना. डॉक्टर म्हणाली, तुम्ही निघा, तुम्ही असाल तोवर तो यायचा नाही. निघालो. उडणारा पक्षी सोडला की तो आकाशात जातो, लोक टाळ्या वाजवतात. इथे तसलं काही नव्हतं. एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात, एवढंच. हा जरा मोठा होता आणि इथे त्याच्याकडे कुणाचं काही काम नव्हतं.

परत येताना वारज्याच्या पुलाजवळ सिग्नलला गाडी थांबली. मुलाने समोर बघतच विचारलं, "त्या दिवशी तू त्याला मुद्दाम घातलंस?"

मी म्हटलं, हो. का, तेही सांगितलं. तुझे बाबा चहा मागत मागत गेले आणि मी दिला नाही. डॉक्टरांचं बरोबर होतं, मीही काही चुकले नाही. पण त्यांच्या नावाने आता आणखी कुणाला उपाशी ठेवायचं माझ्याच्याने झालं नाही.

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्याने गाडी हलवली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच ठेवून तो म्हणाला, "मलाही मागितला होता, आई. रात्री. मी झोपल्याचं सोंग घेतलं."